सांगतंय कोण, पैसे कुणाचे?

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅग्रू यांनी काही वर्षांपूर्वी ४५ जणांची एक परीक्षा घेतली. त्यात १० जण इतिहासात पीएच.डी. केलेले अभ्यासक, १० जण बातम्यांची खातरजमा करण्यावरच पोट असलेले फॅक्ट-चेकर आणि उरलेले २५ जण स्टॅनफर्डचेच विद्यार्थी. प्रत्येकासमोर संगणकावर दोन पानं उघडून ठेवली. विषय एकच, शाळेत मुलांना होणारी दादागिरी. एक पान होतं 'अमेरिकन अॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स'चं, दुसरं 'अमेरिकन कॉलेज ऑफ पीडियाट्रिशियन्स'चं. दोन्ही नावं भारदस्त, दोन्हींचा तोंडवळा डॉक्टरी. यातल्या कुणावर जास्त विश्वास ठेवाल, एवढाच प्रश्न.

अॅकॅडमी १९३० साली स्थापन झालेली, साठ हजारांहून अधिक बालरोगतज्ज्ञांची संघटना. 'पीडियाट्रिक्स' हे नावाजलेलं संशोधनपत्र तिचंच. कॉलेज मात्र २००२ साली अॅकॅडमीतून फुटून निघालेला एक छोटा गट. समलिंगी जोडप्यांना मूल दत्तक घेता यावं या भूमिकेला अॅकॅडमीनं पाठिंबा दिला, तो न पटलेल्या मंडळींनी वेगळी चूल मांडली. फॅक्ट-चेकर सगळेच्या सगळे अॅकॅडमीच्या बाजूनं गेले. इतिहासकारांपैकी बरेच जण घुटमळले. विद्यार्थ्यांनी तर बहुमतानं कॉलेजलाच कौल दिला.

हुशार मुलं फसली ती आळसामुळे नव्हे. त्यांनी पान मन लावून वाचलं. मांडणी नीटनेटकी आहे, खाली संदर्भ दिलेत, मध्येच जाहिराती उड्या मारत नाहीत, म्हणजे खरं असणार! फॅक्ट-चेकर मात्र पानावर जेमतेम रेंगाळले. आपण कुठे आलो आहोत हेच ठाऊक नाही म्हटल्यावर ते लगेच दुसरा टॅब उघडून संस्थेचं नाव शोधू लागले. ही कोण मंडळी, इतर लोक त्यांच्याविषयी काय म्हणतात, पैसा कुठून येतो? ते कळल्यावरच परत येऊन मजकूर वाचला. आपल्याकडे स्थळ आलं की समोरच्यांनी पाठवलेला बायोडेटा वाचून कुणी लग्न ठरवत नाही, गावात चौकशी करतात, तसंच हे.

मुलांच्या आरोग्याविषयी इंटरनेटवर शोधाशोध करणाऱ्या पालकांना आणि शिक्षकांना या एका सवयीची सर्वांत जास्त गरज आहे. कारण या विषयात खोटं फार क्वचित खोट्यासारखं दिसतं.

मराठीतून शोधून बघावं. 'मुलांची उंची वाढवण्यासाठी काय द्यावे', 'मुलांची स्मरणशक्ती वाढवणारे पदार्थ', 'मुलांचे वजन वाढत नाही'. पानांची रांग लागते. पाच उपाय, सात उपाय, अकरा उपाय. बदाम, तूप, केळं, खजूर आणि कुठल्या तरी वनस्पतीचं चूर्ण. चार पानं वाचली की ध्यानात येतं, वाक्यं एकमेकांवरून उचललेली आहेत. एकाच्या शुद्धलेखनाच्या चुकासुद्धा दुसऱ्याकडे इमानानं पोचलेल्या असतात. लेखकाचं नाव नाही, असलं तर 'टीम' किंवा 'अॅडमिन'. तारीख नाही. शेवटी एक ओळ ठरलेली: हा मजकूर केवळ माहितीसाठी, डॉक्टरांचा सल्ला घ्या. त्या ओळीच्या बरोबर खाली चूर्ण विकत घेण्याचं बटण.

अशा ठिकाणी एक जुनी युक्ती कामाला येते. ज्याचं उत्तर आपल्याला पक्कं ठाऊक आहे असा एखादा प्रश्न त्या वेबसाइटला आधी विचारायचा. उदाहरणार्थ मध. बाळ जन्मल्यावर त्याला मध चाटवायची रीत महाराष्ट्रात घरोघरी होती, अजूनही आहे. पण मधात 'क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम' या जिवाणूची बीजं असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ती निमूट निघून जातात. तान्ह्याच्या आतड्यात ती रुजतात, विष तयार करतात आणि बाळाचे स्नायू लुळे पडू लागतात. म्हणून एक वर्षाच्या आत मध नको, यावर जगभरच्या बालरोगतज्ज्ञांचं एकमत आहे. आता 'मधाचे फायदे' सांगणारी वेबसाइट उघडावी आणि ही एक ओळ तिथे आहे का पाहावं. नसेल, किंवा सहा महिन्यांच्या बाळाला रोज चमचाभर मध द्या असं लिहिलं असेल, तर बाकीचं वाचण्यात वेळ घालवू नये.

दुसरा प्रश्न गुळाचा. साखर वाईट, गूळ चांगला, तेव्हा मुलांना गुळाचे लाडू हवे तेवढे द्या, हे वाक्य मराठी इंटरनेटवर ठायी ठायी भेटतं. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था गूळ आणि मध यांनाही वरून घातलेल्या साखरेतच धरते, आणि ही वरची साखर दिवसाला साधारण २५ ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते. गुळात थोडी खनिजं असतात हे खरंच. पण तीळगुळाच्या दोन मोठ्या वड्यांत दिवसभराची साखर उरकू शकते हेही खरं. दोन्ही गोष्टी एका श्वासात सांगणारं पान सापडलं, तर ते जपून ठेवावं.

मुद्दाम खोटं लिहिणाऱ्यांपेक्षा पकडायला कठीण असतात ते खरंच लिहिणारे, पण निवडून लिहिणारे. २०१५ साली 'न्यूयॉर्क टाइम्स'नं 'ग्लोबल एनर्जी बॅलन्स नेटवर्क' नावाच्या संस्थेची बातमी छापली होती. संस्थेत नामवंत विद्यापीठांचे प्राध्यापक होते. त्यांचा सांगावा असा की, लठ्ठपणाची चर्चा करताना लोक खाण्यापिण्याकडेच बघतात, खरं दुखणं हालचाल कमी झाल्याचं आहे. व्यायाम करा हे कोण नाकारेल? फक्त संस्था उभी करायला १५ लाख डॉलर 'कोका-कोला' कंपनीनं दिले होते, ही गोष्ट मागाहून ठळक झाली. बोभाटा झाल्यावर त्याच वर्षअखेरीस संस्था गुंडाळली गेली. तिच्या पानावरचं प्रत्येक वाक्य सुटं तपासलं असतं, तर फारशी चूक सापडली नसती. खोट होती ती काय सांगायचं आणि काय सांगायचं नाही, या निवडीत. पैसे कुणाचे हा प्रश्न विचारायचा तो यासाठी.

आपल्याकडचं उदाहरण बहुतेकांना आठवत असेल. एप्रिल २०२३मध्ये रेवंत हिमतसिंगका या तरुणानं 'फूडफार्मर' या नावानं एक व्हिडिओ टाकला आणि 'बॉर्नव्हिटा'मध्ये साखर किती आहे ते वेष्टणावरूनच वाचून दाखवलं. कंपनीनं कायदेशीर नोटीस धाडली, त्यानं व्हिडिओ मागे घेतला. पण तोवर तो लाखो घरांत पोचला होता. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगानं दखल घेतली. डिसेंबरात कंपनीनं वरची साखर साधारण १४ टक्क्यांनी कमी केली. चौकशीत एक मजेशीर बाब पुढे आली. २००६च्या अन्नसुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' अशी काही वर्गवारीच नाही. एप्रिल २०२४मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयानं ऑनलाइन विक्रेत्यांना कळवलं की, अशी पेयं या नावाखाली विकू नका. दोन पिढ्यांनी ज्याला पौष्टिक म्हणून दुधात ढवळलं, त्याच्या डोक्यावरचं 'हेल्थ' हे बिरुद कायद्यात कुठेच नव्हतं.

यातून एक उलटा धडा मात्र घेऊ नये. कंपनीला उघडं पाडणारा प्रत्येक जण विश्वासू, असं काही नाही. बॉर्नव्हिटाच्या गोष्टीत खरी साक्ष वेष्टणाची होती, कुणाच्या लोकप्रियतेची नव्हे. त्या व्हिडिओनंतर 'पर्दाफाश' करणाऱ्यांचं पेवच फुटलं, आणि त्यातले काही जण पुढे स्वतःचीच प्रोटीन पावडर विकू लागले. ऑगस्ट २०२३पासून ग्राहक व्यवहार विभागाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत: आरोग्यतज्ज्ञ म्हणून बोलणाऱ्यानं आपली पात्रता सांगितली पाहिजे आणि तज्ज्ञ नसणाऱ्यानं हा वैद्यकीय सल्ला नाही हे स्पष्ट केलं पाहिजे. पैसे घेऊन केलेल्या शिफारशीवर 'जाहिरात' असं ठळक लिहिणं जाहिरात मानक परिषदेनं २०२१मध्येच बंधनकारक केलं. हे शब्द व्हिडिओच्या तळाशी, हॅशटॅगच्या गर्दीत दडवलेले असतात. ते शोधायचं काम मुलांना द्यावं. त्यांची नजर तेज असते, आणि मोठ्यांना पकडायला त्यांना मनापासून आवडतं.

अॅपची गोष्ट आणखी नाजूक. अमेरिकेतल्या 'वेट वॉचर्स' कंपनीनं २०१९मध्ये 'कर्बो' नावाचं अॅप ८ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी काढलं. हिरवे, पिवळे, लाल पदार्थ. मुलानं खाल्लेलं नोंदवायचं, वजन नोंदवायचं. वाढत्या वयातल्या मुलांना वजनाचा हिशेब ठेवायला लावल्यानं खाण्याचे विकार जडतील, अशी ओरड आहारतज्ज्ञांनी तेव्हाच केली. २०२२मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं दुसरंच बिंग फोडलं. १३ वर्षांखालच्या मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय गोळा केली जात होती. कंपनीला १५ लाख डॉलर भरावे लागले, जमवलेली माहिती पुसावी लागली आणि त्या माहितीवर उभे केलेले अल्गोरिदमही नष्ट करावे लागले. भारताच्या २०२३च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यातही १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची खातरजमा केलेली संमती आवश्यक मानली आहे, आणि मुलांना लक्ष्य करून जाहिराती दाखवायला मनाई आहे. तेव्हा आरोग्य शिकवणारं एखादं अॅप आधी वजन, जन्मतारीख आणि मोबाइल नंबर विचारू लागलं, तर ते शिकवायला आलंय की गोळा करायला, याचा विचार नाव टाकण्याआधी व्हावा.

पान किती जुनं आहे हेही पाहावं. जिनिव्हाची 'हेल्थ ऑन द नेट' ही संस्था नव्वदीच्या दशकापासून आरोग्याच्या वेबसाइट तपासून 'हॉनकोड' नावाची मोहोर देत असे. जाणकार पालक ती मोहोर बघत. डिसेंबर २०२२मध्ये संस्था बंद झाली. मोहोर मात्र काही पानांच्या कोपऱ्यात अजून दिसते, आणि आता तिला काहीच अर्थ नाही. आहाराचा त्रिकोण, म्हणजे फूड पिरॅमिड, अशीच जुनी खूण. तळाशी भात-पोळी, टोकाला तेल-साखर. आजच्या आयांनी शाळेत तोच शिकला. अमेरिकेनं २०११मध्ये त्याच्या जागी ताट आणलं. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेनंही मे २०२४च्या मार्गदर्शनात 'दिवसभराचं ताट' मांडलं. अर्धं ताट भाज्या, फळं, पालेभाज्या आणि कंदमुळांचं. उरलेल्या अर्ध्यात धान्यं, डाळी-कडधान्यं, अंडी-मांस, तेलबिया, दूध-दही. धान्यांतून मिळणारी ऊर्जा ४५ टक्क्यांच्या वर जाऊ नये, असा संस्थेचा आग्रह. तीन पोळ्या, वर भात आणि वाटीच्या तळाशी भाजी अशा आपल्या ताटाला ही चांगलीच कानउघाडणी आहे. एखाद्या शैक्षणिक वेबसाइटवर अजून तळाशी भात-पोळीचा तो जुना त्रिकोणच असेल, तर तिच्याकडे बऱ्याच वर्षांत कुणी फिरकलेलं नाही.

मग जायचं कुठे?

वर ज्या मार्गदर्शनाचा उल्लेख आला ते १७ सूत्रांचं पुस्तक पोषण संस्थेच्या वेबसाइटवरून फुकट उतरवून घेता येतं. मुलांच्या हाती देण्याजोगं ते नाही. इंग्रजी बोजड, तक्त्यांवर तक्ते. पण शिक्षकानं किंवा आईबापांनी एकदा चाळावं, कारण त्यातले पदार्थ आपले आहेत. परदेशी वेबसाइट कितीही सुंदर असली तरी तिच्या ताटात ब्रोकोली, टर्की आणि दुधातलं सीरिअल असतं. नाशिकच्या पोराच्या डब्यात मेथीची भाजी आणि मटकीची उसळ असते, आणि आपल्या डब्याला जगात नावच नाही असं त्याला वाटू लागतं. उसळ-भाकरी पिठलं-भातापेक्षा किंवा पिठलं-भात नुसत्या भातापेक्षा का बरं, हे सांगणारी चित्रं मराठीत हवी तेवढी नाहीत, ही तक्रार रास्त आहे.

चित्रं आणि खेळ हवे असतील तर अन्नसुरक्षा आणि मानके प्राधिकरण, म्हणजे पाकिटावर ज्याचा शिक्का असतो ते 'एफएसएसएआय', याच्या 'ईट राइट इंडिया' मोहिमेकडे वळावं. शाळांसाठी तिथे 'यलो बुक' आहे. त्याहून मजेदार आहे 'डार्ट' ही भेसळ ओळखण्याची पुस्तिका. तिच्यातले कितीतरी प्रयोग स्वयंपाकघरातच होतात. ग्लासभर पाण्यात काळी मिरी टाकायची; अस्सल मिरी तळाशी जाते, त्यात मिसळलेली पपईची बी वर तरंगते. चहाची पूड ओल्या टिपकागदावर पसरायची. रंग चढवलेली असेल तर कागदावर डाग उमटतो. चौथी-पाचवीतलं मूल हे एकदा करून बसलं की पुढे आठवडाभर घरातल्या प्रत्येक डब्याची झडती होते. आरोग्य शिकवणाऱ्या शंभर व्हिडिओंनी होत नाही ते हा ग्लास करतो. कारण 'कशावरून?' हा प्रश्न मूल स्वतः विचारतं आणि उत्तर त्याच्या डोळ्यांसमोर खाली बसतं.

याच प्राधिकरणाच्या २०२० सालच्या नियमानुसार शाळेत आणि शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जादा चरबी, मीठ आणि साखर असलेले पदार्थ विकता येत नाहीत. मोठ्या मुलांनी तो नियम वाचावा आणि आपल्याच फाटकाबाहेर पावलं मोजावीत. नागरिकशास्त्र आणि आरोग्य एकाच तासात आटोपतं.

मराठीतून ऐकायचं असेल तर आयआयटी मुंबईचा 'हेल्थ स्पोकन ट्युटोरियल' हा प्रकल्प आहे. त्याच संस्थेतल्या बालरोगतज्ज्ञ डॉ. रूपल दलाल यांचं नाव या कामाशी जोडलेलं आहे. बाळाला छातीशी कसं धरायचं, सहा महिन्यांनंतर पहिला घास कशाचा, घरच्या पदार्थांतून प्रथिनं कशी वाढवायची, असे विषय. आवाज संथ, चित्रं साधी, पाठीमागे संगीत नाही. विसाव्या सेकंदाला बोट पुढे सरकवायची सवय झालेल्यांना ते कंटाळवाणं वाटेल. पण आशाताई, अंगणवाडीसेविका आणि नव्या आया यांच्यासाठी इतकी नेमकी माहिती मराठीत दुसरीकडे मिळणं अवघड. नाशिकचे डॉ. श्याम अष्टेकर यांनी 'भारतवैद्यक' या आपल्या पुस्तकाच्या पायावर 'आरोग्यविद्या' ही वेबसाइट उभी केली, तीही अशीच साधी, मराठीतून सरळ बोलणारी आणि लेखकाचं नाव न लपवणारी. मराठी विश्वकोशात प्रत्येक नोंदीखाली लिहिणाऱ्याचं नाव असतं, ही त्याची मोठी शिस्त. मात्र पहिला खंड १९७६चा आहे हे विसरू नये. शरीररचना बदललेली नाही, उपचार बदलले आहेत.

छोट्यांसाठी 'प्रथम बुक्स'चं 'स्टोरीवीव्हर' आहे. २०१५पासून चालू, पुस्तकं मोफत, छापायलाही परवानगी, आणि वाचनाच्या चार पायऱ्या. दात, हात धुणं, डास, झोप, शरीराचे अवयव अशा विषयांवरच्या गोष्टी तिथे मराठीत मिळतात. एक काळजी घ्यावी. तिथे कुणीही अनुवाद करून चढवू शकतं. त्यामुळे प्रथम बुक्सनं स्वतः प्रकाशित केलेलं पुस्तक कोणतं आणि हौशी अनुवाद कोणता, हे आधी पाहून घ्यावं. पुण्यातल्या अरविंद गुप्ता यांच्या वेबसाइटवर हजारो पुस्तकं आहेत, त्यांत मराठीही भरपूर. वेबसाइटचं रूप इतकं साधं की एखाद्याला ती बंद पडलेली वाटावी! स्टॅनफर्डच्या त्या विद्यार्थ्यांनी हिला बहुधा नापास केलं असतं.

वयात येण्याच्या विषयावर मात्र घरांमध्ये अजूनही शुकशुकाट असतो, आणि मुलं मग मिळेल तिथून माहिती घेतात. आदिती गुप्ता आणि तुहिन पॉल यांनी २०१२च्या सुमारास सुरू केलेल्या 'मेन्स्ट्रुपीडिया'नं पाळीविषयी एक चित्रकथा काढली. तीन मैत्रिणी आणि डॉक्टर असलेली प्रिया दीदी यांच्या गप्पांतून ती उलगडते. मराठीतही उपलब्ध आहे. गडचिरोलीच्या 'सर्च' संस्थेत डॉ. राणी बंग यांनी घडवलेला 'तारुण्यभान' हा उपक्रम मुलं-मुली दोघांशीही मोकळेपणानं बोलतो. पाळीची चित्रकथा मुलग्यांनीही वाचावी. त्यांना वगळून हा विषय पुरा होत नाही.

इंग्रजी वाचणाऱ्या मुलांना 'किड्सहेल्थ' ही १९९५पासूनची अमेरिकी वेबसाइट दाखवायला हरकत नाही. तिला पालक, मुलं आणि किशोर असे तीन वेगळे दरवाजे आहेत. एकाच दम्याविषयी तिघांशी तीन सुरांत बोललेलं आहे, आणि प्रत्येक लेखाशी तपासणाऱ्या डॉक्टरांचं नाव व तारीख. एवढ्या दोन गोष्टी मराठी वेबसाइटवाल्यांनी उचलल्या तरी निम्मं काम होईल. सुरुवातीला ज्या अॅकॅडमीचा उल्लेख आला, तिची पालकांसाठीची वेबसाइट 'हेल्दीचिल्ड्रन' या नावानं आहे. लसींचं वेळापत्रक मात्र तिकडचं वाचू नये. ते भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचं आणि सरकारचं पाहावं. बीसीजीची लस अमेरिकेत सर्रास देत नाहीत, आपल्याकडे जन्मतःच देतात.

शाळांना आणखी एक दार उघडं आहे, पण ते अनेकांना ठाऊक नाही. आयुष्मान भारत योजनेतल्या शालेय आरोग्य कार्यक्रमासाठी ११ विषयांचा अभ्यासक्रम तयार आहे: पोषण, भावनिक स्वास्थ्य, व्यसनं, इंटरनेटचा सुरक्षित वापर वगैरे. शाळेतले दोन शिक्षक 'आरोग्यदूत' म्हणून प्रशिक्षित करायचे आणि आठवड्याला एक तास घ्यायचा, अशी योजना. साहित्य एनसीईआरटीनं बनवलेलं आणि विनामूल्य. हा तास कागदावरून वर्गात किती शाळांनी आणला, हे पालकसभेत विचारण्यासारखं आहे.

हल्ली शोधायची वेळच येत नाही. प्रश्न टाकला की वरच तयार उत्तर येतं. मे २०२४मध्ये गूगलनं अमेरिकेत अशी यंत्रलिखित उत्तरं दाखवायला सुरुवात केली, तेव्हा एका उत्तरात रोज एक छोटा दगड खावा असा सल्ला होता. तो 'द ओनियन' या विनोदी नियतकालिकातून आला होता. थट्टा कोणती आणि सल्ला कोणता, हे यंत्राला कळलं नाही. तेव्हापासून ही उत्तरं सुधारली आहेत, पण दगडाइतकी ढोबळ चूक नसेल तर ती पकडायची कुणी? उत्तराखाली दिलेला दुवा उघडून मूळ पान कुणाचं आहे ते पाहणं, एवढं तरी करावं.

पडद्यावरून आरोग्य शिकवण्यात एक विसंगती आहेच. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०२१च्या सूचनांनुसार दोन वर्षांखाली पडदा नको, २ ते ५ वर्षांत तासाभराहून जास्त नको. आणि जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाला रोज सरासरी ६० मिनिटं घाम काढणारी हालचाल सांगते. व्यायामाचे व्हिडिओ लोळत बघण्यात या सूचनांचा हेतूच हरवतो. म्हणून पडदा मिटून करता येईल असं काही सुचवणारं साहित्य नेहमी उजवं. पाकीट वाचणं हे त्यातलं सर्वांत सोपं. साधं गोड शीतपेय घ्या. १०० मिलिलिटरला साधारण १० ते ११ ग्रॅम साखर, म्हणजे २५० मिलिलिटरच्या बाटलीत दिवसभराचे २५ ग्रॅम संपले, शाळेतलं त्रैराशिक. बिस्किटाच्या पुड्यावर घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते. साखर दुसरी-तिसरी असेल आणि पुढे इन्व्हर्ट सिरप, लिक्विड ग्लुकोज अशी तिचीच भावंडं बसली असतील, तर 'होल व्हीट' या मोठ्या अक्षरांचं काय करायचं ते मूलच ठरवेल. सीबीएसईनं मे २०२५मध्ये आपल्या शाळांना 'शुगर बोर्ड' लावायला सांगितलं, ते हाच हिशेब भिंतीवर मांडायला.

नाव वाचून विश्वास ठेवल्याची सर्वांत महाग किंमत ओआरएसच्या बाबतीत दिसली. जुलाब झालेल्या मुलासाठी पालक दुकानात 'ओआरएस द्या' म्हणत आणि फळांच्या चवीचं, गोडमिट्ट, नावात ओआरएस असलेलं खोकं घेऊन येत. खऱ्या ओआरएसमध्ये लिटरभर पाण्याला १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं, त्याच्या जोडीला मीठ, पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट, सगळं मिळून २०.५ ग्रॅम. साखर याहून फार वाढली की ती आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढतात. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष याविरुद्ध सुमारे आठ वर्षं व्हिडिओ, पत्रं आणि जनहित याचिका अशा सगळ्या मार्गांनी झगडल्या. अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०२२मध्ये एकदा बंदी घातली, काही महिन्यांतच खुलासा छापण्याच्या अटीवर ती सैल केली, आणि अखेर १४ ऑक्टोबर २०२५ला जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात न बसणाऱ्या पेयांवर ओआरएस हा शब्द वापरायलाच मनाई केली. आता औषधाच्या दुकानातून पुडी आणल्यावर मुलाला सोबत बसवून तिच्यावरचे चार घटक आणि पाण्याचं माप वाचावं, पूर्ण पुडी सांगितलेल्याच पाण्यात विरघळवावी आणि २४ तासांनी उरलेलं पाणी ओतून द्यावं. नावात फसवणूक करणारं खोकं अजूनही मांडणीवर दिसलं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.